आडसाली कादंबरी

आमच्या गावी, देवळाली प्रवरेला, पत्र नीट पोचावं असं वाटत असेल, तर पत्त्यातला ‘प्रवरा’ हा शब्द ठसठशीत लिहावा आणि जमलं तर त्याखाली रेघ ओढावी. नाहीतर पत्र नाशिककडच्या देवळाली कॅम्पात जातं, तिथं लष्कराच्या शेजारी काही दिवस मुक्काम करतं आणि मग कधीतरी, कोपरे दुमडलेल्या अवस्थेत, राहुरी तालुक्यात येतं. पिनकोड 413नं सुरू होतो की 422नं, हे बघायला स्पर्धांच्या संयोजकांना सवड नसते. माझ्या पहिल्या कथास्पर्धेचा निकाल असाच फिरत फिरत आला. पाकिटात सहभागाचं प्रमाणपत्र होतं. सोनेरी महिरप, तीन सह्या आणि माझ्या नावातली वेलांटी चुकलेली.

आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते उलटसुलट करून पाहिलं.

“पैसं किती दिलं?”

“त्यांनी नाही दिले. मीच दोनशे भरले होते.”

“मग ही पावती म्हण की.”

तेव्हापासून आमच्या घरात प्रमाणपत्रांना पावत्या म्हणतात. सध्या माझ्याकडं सात पावत्या आहेत. त्या गव्हाच्या कोठीमागं, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवल्या आहेत.

त्या दुसऱ्या देवळालीवर माझा राग नाही. उलट एका बाबतीत ती मला फार जवळची वाटते. इंग्रजांच्या काळात मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना मायदेशी धाडण्याआधी तिथल्या तळावर आणून ठेवत. जहाजं सुटायची ती साधारण नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत एप्रिलात संपली, त्यानं उन्हाळा आणि पावसाळा नुसता बसून काढायचा. काम नाही, लढाई नाही, बोट नाही. ऊन, हिवताप आणि दारू यांच्या संगतीत काहींची डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजीत ‘डुलॅली टॅप’ असा शब्दप्रयोगच रूढ झाला. त्यातला पहिला शब्द म्हणजे देवळाली आणि दुसरा आपला साधा ‘ताप’. पुढं ताप उतरला आणि चक्रम माणसाला नुसतं ‘डुलॅली’ म्हणू लागले. हे वाचलं तेव्हा माझे चार स्पर्धांचे निकाल एकाच वेळी अडकलेले होते. त्या शिपायांची नि माझी जुनी ओळख निघाल्यासारखं वाटलं. त्यांना निदान बोट येणार एवढी तरी खात्री होती.

माझं म्हणाल तर वय 46, गावातल्या एका पतसंस्थेत रोखपाल. सकाळी काउंटर उघडायचं, पिग्मीवाल्यांचा भरणा घ्यायचा, ठेवीच्या पावत्या फाडायच्या, संध्याकाळी रोकड जुळवायची. पाच रुपयांचा फरक राहिला तरी उठता येत नाही. घरी अडीच एकर. त्यात दीड एकर ऊस, बाकी कांदा आणि गहू. दोन गाई, दहावीतली मुलगी, आत्या, आणि हे. याउप्पर उरलेल्या वेळात मी कादंबरी लिहिते. उरलेला वेळ म्हणजे नेमका कोणता, हे मला कुणी विचारू नये. इतकी वर्षं रोकड सांभाळूनही तो हिशेब मला लागलेला नाही.

कादंबरी एका पाटकऱ्याची आहे. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं आणि त्याच्या उजव्या कालव्याचं पाणी आमच्या भागात येतं. कुठल्या चारीला कधी नि किती वेळ पाणी, हे बघणारा सरकारी माणूस म्हणजे पाटकरी. एरवी त्याला कुणी बाजेवर बस म्हणत नाही, पण आवर्तन सुटलं की मोठमोठे बागायतदार त्याच्या सायकलीला हात लावून चालतात. असा माणूस 1972च्या दुष्काळात उभा केला तर काय होईल, एवढ्यावर माझं सगळं कथानक. नाव ठेवलं ‘टेल’. कालव्याच्या शेवटाला आमच्याकडं टेल म्हणतात. पाणी यायच्या यादीत सगळ्यात मागं आणि कोरडं पडायच्या यादीत सगळ्यात पुढं, ते टेलवाले. इंग्रजीत याच उच्चाराचा दुसरा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ गोष्ट, असं मुलीनं सांगितलं तेव्हा दोन दिवस मला स्वतःबद्दल फार आदर वाटत होता.

कादंबरी चालू असताना स्पर्धा कशाला, असं यांनी एकदा विचारलं. प्रश्न रास्त होता. उसाला दीड वर्ष लागतं, तोवर घर चालायला आपण मधे कांदा करतो की नाही, असं मी उत्तर दिलं. यांना ते पटलं. वस्तुस्थिती अशी, की माझ्या कांद्याला अजून एकदाही भाव मिळालेला नाही. पण स्पर्धेच्या नियमावलीचा मला नाद लागला आहे. ‘कथा पूर्वप्रकाशित नसावी.’ ही अट मी आयुष्यभर काटेकोर पाळत आले आहे. ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.’ आमच्याकडं अंतिम निर्णय आत्यांचा असतो, तेव्हा सवय आहे. ‘हस्तलिखित परत पाठवले जाणार नाही.’ इथं मात्र पोटात कालवायचं. आणि सगळ्यात जाचक म्हणजे ‘कागदाच्या एकाच बाजूला लिहावे’. वापरलेल्या पाकिटाच्या आतल्या बाजूला किराणा लिहिणाऱ्या घरात, कोरा कागद एका बाजूनं लिहून दुसरी बाजू तशीच पाठवायची म्हणजे सासूबाईंच्या देखत दूध मोरीत ओतण्यासारखं. मी ती पानं पतसंस्थेतून आल्यावर, दार लोटून लिहीत असे. आता सगळ्यांना युनिकोडमध्ये टाइप केलेलं लागतं. कागद वाचला. माझ्या अंगठ्याचं दुखणं मात्र तेव्हापासूनचं आहे.

मग 2024च्या ऑक्टोबरात मुलीनं मला मोबाइलवर नॅनोरायमो दाखवलं. नावावरून मला ते टाटांच्या गाडीचं नवं मॉडेल वाटलं. तर 1999 साली सॅन फ्रान्सिस्कोकडच्या 21 जणांनी ठरवलं, की एका महिन्यात कादंबरी लिहून टाकायची. शब्द 50,000. बरी की वाईट ते मागाहून बघू. पहिल्या वर्षी त्यांनी जुलै धरला होता. दुसऱ्या वर्षापासून नोव्हेंबर केला, कारण तिकडं नोव्हेंबरात हवा खराब, बाहेर पडवत नाही. पुढं देशोदेशीचे लोक लाखांनी त्यात उतरले.

30 दिवसांत 50,000, म्हणजे रोज 1,667. रोखपालाला असा ठोक आकडा दिसला की बरं वाटतं. मी जुन्या कीर्दीचं एक कोरं पान काढलं आणि तारीख, येणे, जमा, थकबाकी असे रकाने पाडले.

आमच्याकडं अडचण एकच. नोव्हेंबरात हवेला नावं ठेवायला जागा नसते. पाऊस सरलेला, ऊन कोवळं, जमिनीत ओल. असली हवा पडली की देवळाली प्रवरेत माणूस घरात सापडत नाही. गहू पेरायचा तो नोव्हेंबरात, कांद्याची लागण तेव्हाच, कारखान्यांची धुराडी पेटायची तीही त्याच महिन्यात. त्यात त्या वर्षी पहिल्याच तारखेला लक्ष्मीपूजन. पतसंस्थेत लक्ष्मीपूजन हा सण नसतो, कामकाज असतं. ठेवीदार, संचालक, पेढे, परत ठेवीदार. त्या दिवशी जमा 212 शब्द. दुसऱ्या दिवशी पाडवा, तिसऱ्या दिवशी भाऊबीज. दोन नणंदा, त्यांची पाच लेकरं, जमा शून्य. पाच तारखेला मी पहाटे चारला उठून 640 शब्द लिहिले आणि सहाला गाय व्यायला बसली.

बाराला कार्तिकी एकादशी, मग तुळशीची लग्नं. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात. पत्रिका टाकायला येणारा प्रत्येक जण चहा होईपर्यंत बसतो. आणि 20 तारखेला विधानसभेचं मतदान. त्याआधीचे पंधरा दिवस सकाळी आठपासून भोंग्यांच्या गाड्या. त्या गडबडीत लिहिलेलं सहावं प्रकरण मी नंतर वाचलं, तर माझा अबोल पाटकरी टेलच्या शेतकऱ्यांना “बंधू-भगिनींनो” म्हणत होता.

तीस तारखेला हिशेब केला. जमा 11,340. थकबाकी 38,660. आमच्या पतसंस्थेत नव्वद दिवस हप्ता आला नाही की खातं एनपीएत जातं, माझ्या कादंबरीनं ते महिनाभरातच करून दाखवलं. पुढच्या वर्षी ही नोव्हेंबरची टूम चालवणारी अमेरिकेतली संस्थाच बंद होत असल्याचं कळलं. त्यांनी ते जाहीर केलं 31 मार्च 2025ला. मार्चअखेर हा काय प्रकार असतो, हे त्यांनाही शेवटी समजलं तर. मला वाईट वाटलं आणि, खरं सांगायचं तर, थकबाकी बुडाल्याचं बरंही वाटलं.

यांनी ती कीर्द कधीतरी पाहिली असावी. हे बोलतात कमी. संध्याकाळी गाईचं दूध काढता काढता, माझ्याकडं न बघता म्हणाले, “तुझी लागण कधीची?”

“कसली?”

“कादंबरीची.”

“गेल्या आषाढात सुरू केली.”

“मंग आडसाली हाये ती. सुरू उसाचा हिशोब तिला लावून कसं चालंल?”

बाहेरच्यांसाठी सांगते. ऊस जानेवारी-फेब्रुवारीत लावला तर तो सुरू. बारा महिन्यांत तुटतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरातला पूर्वहंगामी, त्याला चौदा-पंधरा महिने. आणि जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली; तो सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, दोन पावसाळे खातो आणि वजनाला सगळ्यांत भारी भरतो. मी महिन्याच्या कोष्टकात घालत होते ते अठरा महिन्यांचं पीक होतं, हे दुधाच्या चरवीशेजारी बसलेल्या माणसाला माझ्याआधी कळलं. वर ते म्हणाले, “पहिलं निघू दे. मागून खोडवा लवकर येतो.” खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून येणारं दुसरं पीक. दुसऱ्या पुस्तकाबद्दल माझ्याशी बोललेले ते जगातले पहिले गृहस्थ.

तेव्हापासून माझ्या लेखनावरची चर्चा घरात याच भाषेत होते, आणि ती इतकी चपखल बसते की मला कधीकधी मराठी समीक्षेची काळजी वाटते. कारखान्याकडं उसाची नोंद करावी लागते आणि मग तोडीची वाट बघावी लागते. नोंद असते, टोळी येत नाही. हस्तलिखित पाठवून बसलेल्या बाईला ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही. तोड लांबली की उसाला तुरा येतो. लांबून फार सुरेख दिसतो, चांदण्यात तर विचारूच नका, पण तुरा आला की वजन घटायला लागतं. माझं एक प्रकरण मी अकरा वेळा पुन्हा लिहिलं. यांनी ते ऐकून घेतलं आणि “याला तुरा आलाय” एवढंच म्हणाले.

पतसंस्थेत दुपारी तीन ते चार गर्दी नसते. त्या वेळात मी एक यादी केली आहे, पैसे भरण्याच्या रद्द पावतीच्या मागं. पोटापाण्याचं करून लिहिणारी माणसं. वरचं नाव देविदास सौदागर यांचं. तुळजापूरचे, शिवणकाम करणारे. त्यांची ‘उसवण’ ही कादंबरी शिंप्याचीच, तयार कपड्यांनी ज्याच्या मशीनखालचं काम काढून घेतलं अशा शिंप्याची. 2024 साली तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला तेव्हा मी बातमी कापून काउंटरच्या काचेखाली ठेवली. एक ठेवीदार म्हणाले, “तुमचे पाहुणे का?” मी हो म्हटलं. तो पुरस्कार पस्तिशीच्या आतल्यांसाठी असतो. माझी ती गाडी अकरा वर्षांमागं गेली. पण राज्य शासनाचे जे वाङ्मय पुरस्कार आहेत, त्यात पहिल्या कादंबरीसाठीचा वेगळा पुरस्कार आहे आणि तो श्री. ना. पेंडसे यांच्या नावानं आहे. ‘गारंबीचा बापू’ लिहिणारे पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरीला होते. बसच्या कंपनीत राहून हा माणूस कोकणातल्या गारंबीला रोज कसा जाऊन येत असेल, याचा मी पुष्कळ विचार करते. मला तर समोरच्या कालव्यापर्यंत जाणं होत नाही.

यादीत आमचे संगमनेरचे रंगनाथ पठारे आहेत. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवता शिकवता त्यांनी ‘ताम्रपट’ लिहिली, 1999चा अकादमी पुरस्कार तिला. हरिभाऊ आपटे आहेत. त्यांनी 1890मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात हप्त्याहप्त्यानं कादंबऱ्या चालवल्या. वर आनंदाश्रमाची व्यवस्था बघितली आणि पुणे नगरपालिकेचं अध्यक्षपदही केलं. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, ही माहिती मी यादीत लाल शाईनं लिहिली आहे. वाईट दिवशी ती उपयोगी पडते. नेमाड्यांनी ‘कोसला’ 1963 साली मोजक्या दिवसांत हातावेगळी केली आणि त्यांच्याच ‘हिंदू’साठी वाचकांना 2010पर्यंत थांबावं लागलं, हे मी यांना सांगितलं. “एक सुरू, एक आडसाली,” हे म्हणाले.

यादीत तळाशी एक नाव आहे, ते लिहिताना मी चप्पल काढली होती. आमच्याच प्रवरेच्या काठी, खाली नेवाशाला, शके 1212 मध्ये म्हणजे 1290 साली ज्ञानेश्वरी झाली. माउलींनी ती सांगितली. लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा होते. हे सांगितल्यावर मुलगी म्हणाली, “मग तू पण सांग ना,” आणि तिनं मोबाइलमध्ये बोलून टाइप करायची सोय चालू करून दिली. भाकरी थापता थापता मी एक अख्खा प्रसंग सांगितला. नंतर बघितलं तर पाटकरीचा सगळीकडं पाटकर झाला होता, ‘चारी फुटली’ची ‘चार फुटली’, आणि मधेच ‘सरक गं, तवा तापला’ हे नायिकेच्या तोंडी आलं होतं. ते वाक्य मी ठेवलंय. त्या प्रकरणात तेवढंच जिवंत आहे.

आत्या लिहिलेलं वाचत नाहीत, ऐकतात. रात्री पाय चेपून घेताना विचारतात, “मेला का गं तुझा पाटकरी?” नाही म्हटलं की “बरं” म्हणतात, पण त्यात जरा निराशा असते. लग्न होऊन त्या या गावात आल्या आणि दुसऱ्या वर्षी बहात्तर उजाडलं. दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली आहे. डाव्या हाताच्या अंगठ्यावर हातोडीचा वण आहे. मी इतके दिवस 1972 पुस्तकांत शोधत होते आणि ते रोज रात्री माझ्या मांडीवर पाय टाकून बसत होतं.

तर एका रात्री मी त्यांना आठवं प्रकरण सांगत होते. पाण्याच्या एका घोटासाठी सगळं गाव पाटकऱ्याच्या पाया पडतं, असा प्रसंग. मला स्वतःलाच भरून आलं होतं.

“बाहत्तराला?” आत्या म्हणाल्या. “बाहत्तराला प्यायला पाणी होतं की. आपल्या जुन्या हिरीला होतं. दाणा नव्हता.”

माझे हात थांबले.

“उसाला पाणी नव्हतं, ते खरं. पर उपाशी माणूस ऊस बघतो का? मिलोच्या भाकरी खाल्ल्या आम्ही, लाल. कामावर सुकडी द्यायचे. तिचा वास अजून नाकात हाये. तुझ्या कादंबरीत सुकडीचा वास कुढं हाये?”

कुठंच नव्हता. आठ प्रकरणं मी माणसांना तहानेनं मारत होते, आणि ती भुकेली होती. पुढचे चार दिवस मी वहीला हात लावला नाही. हे म्हणाले, “मोडून टाक, नांगर, परत लाव.” उसाच्या बाबतीत ते असं कधीच म्हणत नाहीत. शेवटी सगळं नांगरलं नाही. पाटकऱ्याला तसाच ठेवला, चारीही तीच ठेवली. फक्त वरच्या अंगाला एका बागायतदाराचा दहा एकर ऊस आणि खाली टेलला एका बाईची अर्धा एकर ज्वारी, पोटऱ्यात आलेली, असं मांडलं. रात्र, हातात चारीच्या दाराची चावी, आणि पाणी एकालाच पुरेल एवढं. ज्वारी आल्यावर कादंबरी एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. आत्याही रोज विचारेनाशा झाल्या. त्या आता त्या बाईला किती लेकरं होती, ती कुणाकडची, तिची सासू कशी, हे मलाच सांगू लागल्या. नवोदित लेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देणारी साहित्य संस्कृती मंडळाची एक योजना आहे. तिच्या अर्जात लेखकाचं एकच नाव घालायचं असतं, याचं मला आता अवघड वाटतं.

जानेवारीत रब्बीचं आवर्तन सुटलं. आमची पाळी रात्री एक ते चार. एरवी हे एकटे जातात, पण आठवडाभर शिवारात बिबट्याची चर्चा होती. शेजारच्या फडात ऊस तुटायला लागला की त्याला लपण उरत नाही, मग तो उभ्या उसात सरकतो, आणि उभा ऊस आमचा. वनखात्याची माणसं सांगून गेली होती, एकट्यानं जाऊ नका, बॅटरी ठेवा, बोलत राहा, गाणी लावा. मोबाइल मुलीकडं, तिची पूर्वपरीक्षा. तेव्हा मी निघाले. स्वेटर, वर यांचा जुना कोट, काठी, आणि का कुणास ठाऊक, वही.

बांधावर पोतं अंथरून बसले. पाणी वाफ्यात शिरत होतं, हे फावडं घेऊन बारं देत होते. थंडी अशी, की दातावर दात. उसात काहीतरी सळसळलं.

“बोल काहीतरी,” हे म्हणाले.

वीस वर्षं लग्नाला झालेल्या माणसांना रात्री दीड वाजता, मोठ्या आवाजात, सतत बोलायला विषय नसतो. गाईची खुराक, मुलीची फी, नणंदेचं घर, पाच मिनिटांत सगळं संपलं.

“मंग वाच तुझं ते. मोठ्यानं.”

मी नववं प्रकरण काढलं. कादंबरीचं पहिलं जाहीर वाचन मी बिबट्यासाठी केलं, असं पुढंमागं कुणी मुलाखत घेतली तर सांगेन. सुरुवातीला आवाज खोटा लागत होता, कथाकथनाच्या स्पर्धेत लागतो तसा. मग पाटकरी घरातून निघाला, चारीवर आला, त्यानं विडी शिलगावली आणि मी थंडी विसरले. बागायतदाराचा माणूस येऊन पाकीट देऊन गेला. खालून, अंधारातून, कुणीतरी खोकल्याचा आवाज आला. ती बाई ज्वारीशी जागत बसली होती. पाटकऱ्यानं चावी हातात घेतली. मी पान उलटलं आणि थांबले.

पाण्याचा आवाज बदलला होता, हे मला तेव्हा जाणवलं.

“वहिनी ऽ!” पलीकडून हाक आली. बांधाला बांध असलेले शेजारी. चारनंतर त्यांची पाळी. “तुमचं पाणी आमच्या कांद्यात शिरलंय!”

हे धडपडत उठले आणि फावडं घेऊन पळाले. बारं केव्हाच फुटलं होतं. हे ऐकत बसले होते की यांना डुलकी लागली होती, ते मी अजून विचारलेलं नाही. चिखल ओढल्याचे आवाज झाले, दोघांचं काहीतरी हळू बोलणं झालं, पाणी पुन्हा जागेवर गेलं. मग अंधारातून तोच आवाज परत आला.

“आन् त्यानं दार उघाडलं का नाय मंग? ज्वारीचं?”

मी बॅटरी वहीवर धरली. पुढचं पान कोरं होतं.

“उद्या सांगते,” मी म्हटलं.

“उद्या कुढं तुमची पाळी?” ते म्हणाले. “आता पुढल्या आवर्तनाला.”